दुखलं की टेप करायचं

३ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

तुला आशीर्वाद द्यावेत की तुझ्यापासून स्वतःला वाचवावं, हे ठरत नाही, म्हणून दोन्ही करतो.

तुझं पत्र आलं. ‘दादा, मी एमएमएचा वर्ग लावलाय’ हे वाक्य वाचून मला आधी भरूनच आलं. आपल्या घरात मी सातवी, तू मॅट्रिक नापास. म्हटलं, सत्तावन्नाव्या वर्षी बहीण एम. ए. करतेय, आणि त्यातही एक एम जास्त, म्हणजे एम. ए.च्याही वरचं काहीतरी असणार. खालच्या लाँड्रीवाल्याला मी अभिमानाने सांगूनसुद्धा टाकलं. मग पुढची ओळ वाचली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स! गुद्दे, लाथा, कुस्ती आणि गळा आवळणे, चारही एकाच वर्गात. आता लाँड्रीवाल्याला काय सांगू?

तुझी लिफ्ट बंद पडली, चार मजले चढायची वेळ आली आणि तू दुसऱ्याच मजल्यावर बसकण मारलीस, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. तीस वर्षं स्टुलावर बसून लोकांना वर-खाली नेतेस, स्वतः मात्र जिना कधी बघितला नाहीस. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलीस तेव्हाही तेच. तीन मजले बघून खालच्या पायरीवरच बसलीस, मलाच खाली यावं लागलं, आणि भाऊबहिणीच्या सगळ्या गप्पा जिन्यात झाल्या. तेव्हापासून तू आली नाहीस. अंग कमी करायचं हे बरोबरच आहे. पण त्यासाठी सकाळी चालावं गं माणसाने. गळा आवळून घ्यायची काय गरज?

आता तुझ्या पैजेबद्दल. तू तीन महिने वर्ग पुरा करायचा आणि मग मी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घ्यायचा. डॉक्टरांची चिठ्ठी मशीनच्या खणात आहे, हरवलेली नाही. पण मला दिसतं. सुई अजून एका झटक्यात ओवतो. आणि तुला ठाऊक आहे, डावा डोळा लहानपणापासून नावालाच. उजव्याचं काही कमीजास्त झालं तर मशीनवर कापड टाकून झाकून ठेवायचं आणि मी खिडकीत बसायचं. पन्नास वर्षं सुई धरली, टोक नेहमी माझ्यापासून लांब होतं. आता तेच टोक माझ्याकडे येणार म्हणतेस.

तरीही पैज मान्य. कारण आठवडाभरात तू स्टुलावर परत येणार, हे मला माहीत आहे.

तुझा,
दादा

ता. क. फोन करू नकोस. फोनवर तू मध्ये बोलतेस.


११ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

हात खांद्याच्या वर जात नाहीत, त्यामुळे नमस्कार कमरेपासूनच.

काल पहिला दिवस झाला. वर्ग आमच्याच इमारतीच्या तळघरात आहे. पूर्वी तिथे जुन्या फायली ठेवायचे, अजून कागदाचा वास येतो. खाली निळ्या गाद्या अंथरल्यात. कोच माझ्या निम्म्या वयाची आहे, आवाज मात्र दुप्पट. तिने आधी दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. मी अकरा मारल्या. बारावी दोरीने मारली, माझ्या पायावर. मग हातांना पट्ट्या गुंडाळून उभं कसं राहायचं ते शिकवलं. दादा, मला सत्तावन्न वर्षं वाटत होतं की मला उभं राहता येतं. मग पडायला शिकवलं. ते मात्र मला लगेच जमलं.

माझी जोडीदारीण बेकरीवाली आहे. वीस वर्षं पीठ मळून तिचे दंड माझ्या मांडीएवढे झालेत. तिने माझा हात धरला की तो माझा आहे असं वाटतच नाही.

तू काळजी करणार म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम सांगते. दुखलं की टॅप करायचं. केलं की समोरची त्याच क्षणी सोडते, कितीही जिंकत असली तरी. कोच म्हणते, हे ज्याला जमत नाही त्याला ती वर्गात ठेवत नाही.

पैजेचे नव्वद दिवस उरले. डोळा धुऊन-पुसून तयार ठेव.

तुझी,
मुंगी


१९ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

उभी असलीस तर आशीर्वाद, आडवी असलीस तर लवकर ऊठ.

तुझ्या त्या वर्गात एक तरी गोष्ट शहाणपणाची आहे, हे वाचून बरं वाटलं. दुखलं की टेप करायचं! शाबास त्या मुलीची. कोणताही अवयव सुजला की आधी माप घ्यावं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं. वाढलं तर डॉक्टर, उतरलं तर गप्प बसावं. मी पन्नास वर्षं लोकांची मापं घेतली पण हे मला सुचलं नाही. फक्त एक कळलं नाही. समोरची लगेच सोडते ती कशाला? माप घ्यायला तीच पुढे येते का?

असो. वर्गातली टेप फुकटची, ताणलेली असणार. ताणलेल्या टेपेने सूज कमी दिसते आणि माणूस फसतो. म्हणून माझी जुनी पाठवतोय, पितळी टोकाची, साठ इंची. तिच्यावर मी कितीक लोकांच्या लग्नाचे कपडे बेतलेत. जपून वापर.

सोबत एक अर्धी चड्डी शिवून पाठवली आहे. गडद निळं जाड कापड आहे, लाथ मारताना उसवायला नको म्हणून दुहेरी टीप घातली आहे. बाजारातल्या घालू नकोस, त्यांची शिलाई पहिल्या लाथेत जाते, आणि मग तुला पैज हरायला चांगलं निमित्त मिळेल.

बेकरीवालीला म्हणावं, ते पीठ नाही.

तुझा,
दादा


२८ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

पोट धरून नमस्कार. हसून हसून दुखतंय, म्हणून.

अरे दादा, टेप नाही, टॅप! हाताने थाप मारायची. समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर, दोनतीनदा. टप टप टप. म्हणजे ‘पुरे, सोड’. मापाचा काही संबंध नाही!

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. कोच तर गादीवर लोळली. तिने तुझी टेप दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवलीय. आता कुणी दात-ओठ खात गप्प पडून राहिलं की सगळे ओरडतात, “टेप! टेप!” आठवड्याला एकदा त्याच टेपेने माझी कंबर मोजतात. एकेचाळीस होती, चाळीस झाली. इंच कमी झाला तो तुझ्या टेपेचा मान.

चड्डी झकास बसली. सगळ्यांनी विचारलं कुठून घेतली.

पण मला एक सांग. ‘टॅप’चं ‘टेप’ कसं झालं? भिंग लावून वाचलंस का? खरं सांग.

तुझी,
मुंगी


८ मार्च

प्रिय मुंगी,

आशीर्वाद आहेत, पण जरा रागातले आहेत.

माझ्या डोळ्याला बोल लावायच्या आधी स्वतःच्या अक्षराकडे बघ. तुझी चंद्रकोर नेहमी मात्रेसारखी वाकडी पडते. शाळेतल्या बाईंनी याच कारणावरून तुला बाकावर उभं केलं होतं. शिंप्याच्या घरात टेप असते आणि टीप असते, टॅप कुठून येणार? नीट अक्षर काढलं असतंस तर तुझ्या वर्गाला हसायला मिळालं नसतं. मला चांगलं दिसतं. चड्डी झकास बसली ना? मग झालं तर.

खरी काळजी वेगळीच आहे. तो थाप मारायचा नियम वाचल्यापासून मला स्वस्थ वाटत नाही. लहानपणी मी तुझ्या पाठीवर बसून ‘हरले म्हण’ म्हणायचो, आठवतं? तू लालबुंद व्हायचीस, डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. शेवटी मीच घाबरून उठायचो आणि मग तू माझ्या घोट्याला चावायचीस. अजून वण आहे. तुझ्यासारखी बाई थाप मारणार नाही, मुंगी. आणि बेकरीवाली काही तुझा भाऊ नाही, घाबरून उठायला.

म्हणून म्हणतो, महिना झाला, कंबर इंचभर उतरली, आता पुरे कर. पैज मोडली असं मी मानणार नाही. फक्त रद्द झाली असं मानेन. दोघंही सुटू.

तुझा,
दादा


२ एप्रिल

तीर्थरूप दादास नमस्कार.

पत्राला उशीर झाला. लिफ्टची दुरुस्ती चालू आहे, काम फार. वर्ग छान चालला आहे. मी मजेत. पैज रद्द नाही. बाकी पुढच्या पत्रात.

मुंगी


९ एप्रिल

प्रिय मुंगी,

मनापासून आशीर्वाद, यावेळी रागाचा लवलेश नाही.

तीन आठवडे पत्र नाही म्हटल्यावर माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. एकदा तू पाय मोडून पडलेली दिसलीस, एकदा बेकरीवाली तुरुंगात. पण पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. छोटं असलं म्हणून काय झालं! आणि मागच्या वेळी मी अक्षरावरून बोललो ते तू मनावर घेतलेलं दिसतंय. यावेळी अक्षर कसं मोत्याच्या दाण्यांसारखं आलंय! ओळी सरळ, मात्रा जागच्या जागी. बाकावर उभं करणाऱ्या बाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी तुला खुर्ची दिली असती. असंच लिहीत जा.

माझं सगळं ठीक. आज दोन शर्टांना काजं केली.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

तीर्थरूप दादास,

नमस्कार नंतर. आधी हिशोब चुकता करू या, खोटेपणाचा.

माझं मागचं पत्र मी डाव्या हाताने लिहिलं होतं. उजवा गळ्यात अडकवला होता. ओळी अशा चालल्या होत्या की जणू कोंबडी शाईत पाय बुडवून फिरली असावी. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने पाकिटावरचा पत्ता वाचून विचारलं, हे कोणत्या भाषेत आहे? आणि तुला ते मोत्याच्या दाण्यांसारखं दिसलं. दादा, मोती माझ्या अक्षरात नाही, तुझ्या डोळ्यात आहे. ते पत्र तुला कुणी वाचून दाखवलं?

आता माझं खोटं सांगते, म्हणजे तुला सोपं जाईल. बावीस मार्चला बेकरीवालीने माझा हात सरळ धरून कोपरावर ताण दिला. दुखायला लागलं. सगळे ओरडत होते, “टेप! टेप!” आणि मी गप्प. का, ते तू लिहिलंच आहेस. ‘हरले’ म्हणायला आपल्या घराण्यात जीभ वळत नाही आणि हातही उठत नाही. शेवटी बेकरीवालीनेच घाबरून सोडलं, पण तोवर कोपर दुखावलं होतं. हाड ठीक आहे, शिरा ताणल्यात.

कोच पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. म्हणाली, “मावशी, टॅप करणं म्हणजे हरणं नाही. उद्या परत यायचं आहे, असं सांगणं.” तीन आठवडे मी गळ्यात हात अडकवून गादीच्या कडेला बसून बघतेय, एकही दिवस चुकवला नाही. काल पट्टी निघाली. बेकरीवालीने माझ्या मनगटाला नुसता हात लावला आणि मी टप टप टप केलं. अजून धरलंही नव्हतं तिने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी केलं, दादा. आता तू कर.

तुझी,
मुंगी


२१ एप्रिल

प्रिय मुंगी,

तुझ्या कोपराला आशीर्वाद.

पत्र लाँड्रीवाल्याने वाचलं. मागचंही त्यानेच वाचलं होतं. अक्षर कसं आहे असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “छान आहे.” बिचारा माझं मन राखत होता. आज तुझा कोंबडीचा मजकूर वाचताना त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

सगळं सांगून टाकतो. दिवाळखोराने घर उघडून दाखवावं तसं. नोव्हेंबरपासून मला सुई ओवता येत नाही. लाँड्रीवाल्याची बायको सकाळी येऊन बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. दिवसभर त्या पुरवतो. ‘टेप’ मी स्वतःच वाचलं होतं, भिंग लावून, एका शब्दाला मिनिट लावून. त्यानंतर मात्र स्वतः वाचणं सोडलं. लिहिताना कागदावर दोरा ताणून धरतो आणि त्याच्या कडेने लिहीत जातो. काजं केली म्हणालो ती केली, पण दोनपैकी एक बटणासमोर आलं नाही.

मला सुईची भीती नाही. ते मी उगाच लिहिलं. भीती ही की, आत्ता धुकट का होईना, खिडकीतून उजेड येतो, माणूस आला ते कळतं. तो एकच डोळा आहे. त्यावर पैज लावायची म्हणजे खिशातलं शेवटचं नाणं फेकण्यासारखं. एवढंच सांगायला मला तीन महिने लागले, आणि तेही तू कोपर मोडून घेतल्यावर.

पत्र ऐकून झाल्यावर मी मशीनच्या फळीवर तीनदा हात आपटला. लाँड्रीवाला दचकून म्हणाला, “काय झालं, दादा?”

म्हटलं, “टॅप केलं. खणातली ती चिठ्ठी काढ.”

सहा मेची तारीख मिळाली आहे. तू येऊ नकोस. तुझे तीन महिने दहा मेला पुरे होतात, एक दिवसही चुकवायचा नाही. नाहीतर मी तिथूनच उठून परत येईन, पैज म्हणजे पैज.

तुझा,
दादा


२९ एप्रिल

तीर्थरूप दादास,

दोन्ही हात डोक्यावर नेऊन नमस्कार. आता जातात.

डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, मी भित्रा आहे, मला काही झालं की थाप मारणार. लाजू नकोस. आणि आत डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे तुझी खरी परीक्षा बोलायच्या बाबतीतच आहे. घाबरलास की मनात उड्या मोज. मी आता सत्तर मारते.

काल मी चार मजले चढले, न थांबता. वर कुणी नव्हतं बघायला, म्हणून खाली येऊन पहारेकऱ्याला सांगितलं आणि त्याला खरं वाटेना म्हणून पुन्हा चढून दाखवलं.

तुझी चड्डी सोबत पाठवतेय. कंबर अडतीस झाली, इलॅस्टिक उतरून पडतं, लाथ मारताना एका हाताने धरावं लागतं. घाई नाही. बरा झालास की घट्ट करून दे. तोवर जुन्या सलवारीवर भागवते.

सहा तारखेला वर्गातले सगळे एक मिनिट गप्प बसणार आहेत. बेकरीवालीला ते जमणार नाही, पण ती प्रयत्न करणार आहे.

तुझी,
मुंगी


१७ मे

प्रिय मुंगी,

हे पत्र दोरा न लावता लिहितोय. बघ ओळ कशी जातेय.

आत उजेड इतका होता की बाकी काही कळलंच नाही. परिचारिका शेजारी उभी होती, तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “दादा, भीती वाटली तर माझ्या तळव्यावर थाप मारा.” मी उड्या मोजत राहिलो. बेचाळीसपर्यंत आलो आणि झालंसुद्धा. थाप मारावी लागली नाही. पण मारता येते आहे हे माहीत होतं म्हणूनच निजलो होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिली दिसली ती लाँड्रीवाल्याची मिशी. पांढरी आहे! मी तिला इतके दिवस पिवळट समजत होतो आणि तो तंबाखू खातो असं मनात धरून होतो. त्याची माफी मागितली, त्याला कशाबद्दल ते कळलं नाही.

चष्मा अजून मिळायचाय, पण भिंगाखाली आता सगळं येतं. काल तुझी सगळी पत्रं काढून पहिल्यापासून वाचली. ‘टॅप’वरची चंद्रकोर स्पष्ट आहे, तुझी काही चूक नव्हती. डाव्या हाताचं पत्रही बघितलं. त्याला मोत्याचे दाणे म्हणालो मी! कोंबडीचा अपमान करू नकोस, ती याहून नेटकं चालते.

आणि मग चड्डी उघडली.

मुंगी, एक पाय दुसऱ्यापेक्षा दीड इंच लांब आहे. डावीकडची शिलाई हिरव्या दोऱ्याची आहे. मागची दुहेरी टीप सापासारखी वळवळत गेली आहे आणि शेवटी कापडाबाहेरच उतरली आहे. असलं काम शिकाऊ असताना केलं असतं तर वडिलांनी मला मशीनवरून उठवलं असतं. हे घालून तू इतके दिवस लोकांसमोर लाथा मारल्यास? ‘सगळ्यांनी विचारलं कुठून घेतली’ लिहिलंस ते खरंच असणार, विचारलंच असेल! पहिल्या दिवशीच तुला कळलं असेल माझा डोळा किती गेलाय ते. तरी तोंडातून शब्द काढला नाहीस. मला पुरे म्हणायला शिकवणारी तू, आणि हे एवढं दुखणं अंगावर घालून गप्प फिरलीस.

मी रात्रीपर्यंत थांबलो नाही. दुपारीच सगळी उसवली. आज मीच सुई ओवली. तीन झटके लागले, एक नाही. खरं तेच लिहितो आता.

आता नव्याने बेतायची. पण जुन्या मापाचा उपयोग नाही आणि माप घ्यायला टेप हवी. ती तुमच्या तळघरात खिळ्याला आहे. तुझ्या कोचला म्हणावं, चार दिवस उसनी हवी, तोवर वर्गातल्यांनी टॅपच म्हणावं. टेप पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. मजले तीनच आहेत, आता तुला सबब नाही, आणि जिन्यात बसून बोलायला माझी तयारी नाही.

वर आलीस की दारावर तीनदा थाप मार. मी त्याच क्षणी उघडेन.

तुझा,
दादा